वॉल्ट डिस्ने: हातातून गेलेला एक ससा आणि ईस्टरचे रंगीत ससे

ईस्टर जवळ आला की आपल्या फोनवर ससे दिसायला लागतात. व्हॉट्सॲपवर स्टिकर, यूट्यूबवर लहान मुलांची गाणी, प्ले स्टोअरवर अंडी रंगवायचे गेम. वसई, वांद्रे किंवा गोव्यात राहत असाल तर बेकरीच्या काचेआड मार्झिपानची रंगीत अंडीही दिसतात. ईस्टर हा येशूच्या पुनरुत्थानाचा सण. अंडं ही त्यातली नव्या जीवनाची खूण. ससा मात्र जर्मन लोककथांमधून आला आणि जर्मन लोक अमेरिकेत स्थायिक झाले तेव्हा त्यांच्यासोबत तिकडे गेला.

पण हा ससा पडद्यावर, तोही रंगीत होऊन, कसा आला? त्यासाठी एका माणसाची गोष्ट बघावी लागेल. नाव सगळ्यांना माहीत आहे: वॉल्ट डिस्ने. त्याचं नाव घेतलं की आपल्याला उंदीर आठवतो. पण त्याच्या आयुष्यात उंदराच्या आधी एक ससा होता आणि नंतर सशांची एक अख्खी फौज. पहिल्या सशाने त्याला हक्क म्हणजे काय ते शिकवलं आणि दुसऱ्या सशांमध्ये त्याने लावलेली रंगांची पैज दिसते. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

पेपर टाकणारा मुलगा

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ ला अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला. वडील इलायस, आई फ्लोरा. तीन थोरले भाऊ आणि एक धाकटी बहीण. तो चार वर्षांचा असताना हे कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सलीन गावाजवळच्या शेतावर राहायला गेलं. कोंबड्या, डुकरं, गाई, सफरचंदाची झाडं असं सगळं तिथे होतं. पुढे त्याच्या कार्टूनमध्ये शेतातले प्राणी सारखे येतात, त्याचं मूळ इथे आहे.

शेती जमली नाही. १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीला आलं आणि वडिलांनी पेपरची लाइन घेतली. नऊ वर्षांचा वॉल्ट आणि थोरला भाऊ रॉय पहाटे साडेचारला उठून पेपर टाकायचे, मग शाळा, मग संध्याकाळचे पेपर. बर्फ पडत असला तरी सुट्टी नाही. या कामाचे पैसेही वडील त्याच्या हातात देत नसत. अशी सहा वर्षं गेली. वर्गात तो पेंगायचा आणि जागा असला की वहीच्या कडेला चित्रं काढायचा.

१९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, त्याने रेड क्रॉसमध्ये ड्रायव्हर म्हणून नाव दिलं. वय होतं १६, म्हणून कागदावरचं जन्मवर्ष बदललं. तो फ्रान्सला पोचेपर्यंत युद्ध संपलं होतं. तिथे त्याने गाड्या चालवल्या आणि रिकाम्या वेळात त्यांच्यावर चित्रं काढली.

परत आल्यावर कॅन्सस सिटीत जाहिरातींची चित्रं काढायची नोकरी मिळाली. तिथेच त्याच्याच वयाचा अब आयवर्क्स नावाचा चित्रकार भेटला. अबचा हात प्रचंड वेगवान होता आणि यंत्रांचंही त्याला वेड होतं. पुढे दोघं जाहिरातपट बनवणाऱ्या कंपनीत गेले. तिथे कागदाच्या बाहुल्या कापून, थोड्या थोड्या हलवून फोटो काढायचे. वॉल्टला ते काम कच्चं वाटायचं. त्याने लायब्ररीतून ॲनिमेशनचं एक पुस्तक आणलं, कंपनीचा कॅमेरा मागून घेतला आणि रात्री गॅरेजमध्ये प्रयोग सुरू केले. आज आपण नोकरी सांभाळून रात्री ट्युटोरिअल बघतो, तसाच प्रकार.

१९२२ मध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला. पुढच्याच वर्षी स्टुडिओचं दिवाळं निघालं. वय २१. तो उठला आणि हॉलिवूडला गेला. क्षयातून बरा होत असलेला रॉय तेव्हा तिकडेच होता. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मार्गारेट विंकलर या वितरकाने त्यांच्याशी करार केला आणि दोघा भावांचा स्टुडिओ सुरू झाला. पहिली मालिका होती ॲलिसची: खरी मुलगी, पण तिच्याभोवतीचं जग चित्रांचं. फोनवरचे एआर फिल्टर बघून आपल्याला जी गंमत वाटते तीच, फक्त शंभर वर्षांपूर्वीची.

पहिला ससा गेला

१९२७ मध्ये नवीन पात्र हवं होतं. वॉल्ट आणि अबने एक ससा तयार केला. नाव ओस्वाल्ड. लांब काळे कान, चड्डी, आणि सतत काहीतरी उचापती. लोकांना तो आवडला. चॉकलेटवर, बिल्ल्यांवर त्याचं चित्र यायला लागलं.

१९२८ च्या सुरुवातीला वॉल्ट न्यूयॉर्कला गेला. मार्गारेटचा धंदा आता तिचा नवरा चार्ल्स मिंट्झ बघत होता. वॉल्टला प्रत्येक कार्टूनमागे थोडे जास्त पैसे हवे होते. मिंट्झने उलट पैसे कमी घ्यायला सांगितलं. आणि मग कळलं की त्याने वॉल्टच्या बहुतेक चित्रकारांना गुपचूप आपल्याकडे वळवून घेतलंय. ससा तरी आपला, असं म्हणायचीही सोय नव्हती. करारानुसार ओस्वाल्डचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे होते. ससा वॉल्टच्या स्टुडिओत जन्मला, पण कागदावर तो कधीच वॉल्टचा नव्हता.

आमच्या क्षेत्रात नोकरी लागताना ऑफर लेटरसोबत एक कलम असतं: तुम्ही लिहिलेला कोड कंपनीच्या मालकीचा. बरेच जण न वाचता सही करतात. रील्स बनवणारे, लोगो करून देणारे, गेमसाठी कॅरेक्टर काढून देणारे यांचंही तेच होतं. वॉल्टला या कलमाची किंमत २६ व्या वर्षी कळली. त्यानंतर त्याने एक गोष्ट कधीच सोडली नाही: जे बनवू त्याची मालकी आपल्याकडे.

अब मात्र मिंट्झकडे गेला नाही. लवकरच दोघांनी नवीन पात्र तयार केलं. ओस्वाल्डचे लांब कान गोल झाले, शेपटी लांब झाली आणि मिकी माउस जन्माला आला.

आवाज आणि फ्रेमचं गणित

मिकीची पहिली दोन कार्टून मूक होती आणि ती घ्यायला कुणी तयार होईना. तेव्हा सिनेमात आवाज नुकताच आला होता. वॉल्टने ठरवलं की तिसऱ्या कार्टूनला आवाज द्यायचा, आणि तोही चित्राशी तंतोतंत जुळणारा.

हे जुळवायचं कसं? स्टुडिओत विल्फ्रेड जॅक्सन नावाचा नवा मुलगा होता. त्याची आई पियानो शिकवायची, त्यामुळे ठोके मोजणारं मेट्रोनोम यंत्र त्याला माहीत होतं. आवाज असलेली फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने पळते. म्हणजे सेकंदाला दोन ठोके पडत असतील तर एक ठोका बरोबर १२ फ्रेमचा. एवढं कळलं की चित्रकार आधीच ठरवू शकतो, कितव्या फ्रेमला पाय आपटायचा. आज व्हिडिओ एडिटिंग ॲपमध्ये आपण बीटवर कट मारतो, त्यामागे हेच गणित आहे.

न्यूयॉर्कमधलं पहिलं रेकॉर्डिंग फसलं, वाद्यवृंद चित्राच्या वेगाने वाजवेना. पुन्हा रेकॉर्डिंग करायला पैसे हवेत म्हणून वॉल्टने आपली गाडी विकली. १८ नोव्हेंबर १९२८ ला ‘स्टीमबोट विली’ न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये लागला आणि डिस्नेचं नाव झालं. विल्फ्रेड जॅक्सन हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रंगांची पैज

१९३२ पर्यंत पडद्यावर रंग दिसायचे, पण अर्धवट. तेव्हाची टेक्निकलर पद्धत दोनच रंगांची होती: एक लालसर, एक हिरवट. स्वच्छ निळा, जांभळा किंवा पिवळा त्यात येतच नव्हता. मग टेक्निकलरने तीन रंगांची पद्धत तयार केली. मोठे निर्माते ती घ्यायला बिचकत होते, कारण खर्च फार होता.

ही पद्धत काय होती? फोनची स्क्रीन मोठ्या भिंगातून बघितली तर तिथे लाल, हिरवे आणि निळे बारीक ठिपके दिसतात. तेच तीन रंग कमी-जास्त करून सगळे रंग बनतात. टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात एक प्रिझम होतं. ते आत आलेला प्रकाश विभागून लाल, हिरवा आणि निळा भाग वेगवेगळा टिपायला द्यायचं. हे तिन्ही भाग टिपले जायचे काळ्या-पांढऱ्या फिल्मवर! मग त्या तीन फिल्मवरून आपल्या इंकजेट प्रिंटरमध्ये असतात तसे निळसर, गुलाबी आणि पिवळे रंग एकावर एक छापून रंगीत प्रिंट तयार व्हायची. कार्टूनसाठी पुढे सोपी युक्ती निघाली. कार्टूनमधलं चित्र काही पळून जात नाही, त्यामुळे तीन वेगळे फिल्टर लावून त्याच चित्राचे लागोपाठ तीन फोटो काढले तरी काम होतं.

वॉल्टच्या स्टुडिओत तेव्हा ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ हे कार्टून काळ्या-पांढऱ्या रंगात बरंचसं तयार झालं होतं. त्याने ते रंगात पुन्हा करायला लावलं. पैशांचा हिशोब बघणारा रॉय हे ऐकून वैतागला. रंगामुळे खर्च वाढणार आणि वितरक जास्त पैसे देणार नाही, मग करायचं कशाला? त्याचं म्हणणं चूक नव्हतं. त्यातून नवीन रंग पारदर्शक शीटवर टिकेनात, वाळले की तडकायचे, दिव्यांच्या उष्णतेने फिके पडायचे. स्टुडिओला त्यावरही काम करावं लागलं.

पण पहिल्या सशाने दिलेला धडा वॉल्टला पक्का आठवत होता. रंग वापरायच्या बदल्यात त्याने टेक्निकलरकडून कार्टूनसाठी ही पद्धत काही काळ फक्त डिस्नेला मिळेल, अशी कबुली घेतली. म्हणजे १९३५ पर्यंत बाकी कार्टूनवाल्यांना पूर्ण इंद्रधनुष्य बंद. ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ला कार्टूनसाठीचं पहिलंवहिलं ऑस्कर मिळालं.

ईस्टरचे ससे

आता येऊया ईस्टरकडे. १९३४ मध्ये ईस्टर १ एप्रिलला होता. २४ मार्चला, म्हणजे बरोबर आठ दिवस आधी, डिस्नेचं ‘फनी लिटल बनीज’ प्रदर्शित झालं. दिग्दर्शक तोच मेट्रोनोमवाला विल्फ्रेड जॅक्सन.

जेमतेम सात मिनिटांचं कार्टून. इंद्रधनुष्य जिथे जमिनीला टेकतं तिथे सशांचं गाव आहे. ईस्टरची सगळी तयारी तिथे चालते. कुणी चॉकलेट बनवतंय, कुणी टोपल्या भरतंय, कोंबड्या अंडी देतायत. आणि अंडी रंगवायला रंग येतो कुठून? सरळ इंद्रधनुष्यातून. ससे खाली भांडी धरतात आणि इंद्रधनुष्याचे पट्टे त्यात वेगवेगळे होऊन उतरतात.

आता हेच कार्टून काळ्या-पांढऱ्यात कल्पून बघा. करड्या इंद्रधनुष्यातून करडा रंग काढून करड्या अंड्याला लावला! काहीच उरत नाही. इथे रंग हीच गोष्ट आहे. मिळालेलं नवीन फीचर दाखवायला वॉल्टच्या स्टुडिओने असा विषय निवडला की त्या फीचरशिवाय तो करताच आला नसता.

यात एक चुटपुट लावणारी गोष्टही आहे. अब आयवर्क्स १९३० मध्ये वॉल्टला सोडून गेला होता आणि त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता. डिस्नेच्या त्या करारामुळे त्यालाही तीन रंग मिळाले नाहीत. तो सिनेकलर नावाच्या दोन रंगांच्या पद्धतीवर कार्टून काढत होता. ओस्वाल्डच्या वेळी सगळे पळाले तेव्हा जो थांबला, त्याच्यासाठीही इंद्रधनुष्य बंदच होतं.

नाव कुणाचं?

सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दहा हजारांहून जास्त फ्रेम. बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात असं धरलं तरी हजारो चित्रं झाली. चित्रकार पेन्सिलने काढायचे. मग ते चित्र पारदर्शक शीटवर शाईने गिरवायचं आणि शीट उलटी करून मागून रंग भरायचा. हे काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. त्या अंड्यांवरचा प्रत्येक ठिपका आणि पट्टा सशांनी नाही, त्यांनी रंगवलाय.

पण कार्टूनच्या सुरुवातीला नाव येतं फक्त वॉल्ट डिस्नेचं. जॅक्सनचं नाही, चित्रकारांचं नाही, रंग भरणाऱ्यांचं तर नाहीच. त्या वर्षांत डिस्नेच्या छोट्या कार्टूनवर कामगारांची नावं देत नसत. दुसऱ्याच्या नावावर गेलेल्या सशामुळे जो माणूस पोळला होता, त्याने स्वतः मालक झाल्यावर हेच केलं.

हे साचत गेलं. १९३७ च्या डिसेंबरमध्ये ‘स्नो व्हाइट’ आला. एवढ्या लांबीचं कार्टून कोण बघणार म्हणून हसणारे लोक गप्प झाले. नवीन मोठा स्टुडिओ उभा राहिला. पण पगारांत मोठी तफावत होती, नावं दिली जात नव्हती, युनियन नको होती. २९ मे १९४१ ला चित्रकार संपावर गेले. वॉल्टने तो स्वतःवरचा हल्ला समजला. शेवटी युनियनला मान्यता द्यावी लागली, पण अनेक चांगले चित्रकार कायमचे गेले. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने संपाचं खापर कम्युनिस्टांवर फोडलं. छोट्या कार्टूनवर कलाकारांची नावं पुढे १९४० च्या दशकात यायला लागली.

अब मात्र १९४० मध्येच परत आला होता. त्याने आता चित्रं सोडून यंत्रं हातात घेतली आणि कॅमेऱ्याच्या कामासाठी पुढे दोन ऑस्कर मिळवली.

टीव्ही, पार्क आणि शेवट

१९५४ मध्ये वॉल्ट टीव्हीवर आला. बहुतेक स्टुडिओ टीव्हीला शत्रू मानत होते. त्याने मात्र कार्यक्रमाच्या बदल्यात एबीसी वाहिनीकडून डिस्नेलँड पार्कसाठी पैसे उभे केले. पार्क १७ जुलै १९५५ ला उघडलं. टीव्ही तेव्हा काळा-पांढरा होता, तरी त्याने बरंच चित्रीकरण रंगीत फिल्मवर करून ठेवलं. लोकांच्या घरात रंगीत टीव्ही येईल तेव्हा हे पुन्हा दाखवता येईल, हा हिशोब. १९६१ मध्ये एनबीसी वाहिनीवर त्याचा रंगीत कार्यक्रम सुरू झाला आणि हिशोब बरोबर निघाला.

याच काळात डिस्नेची पद्धत आपल्याकडेही पोचली. स्टुडिओत काम केलेला क्लेअर वीक्स हा ॲनिमेटर १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला आला आणि इथल्या कार्टून विभागाला शिकवू लागला. त्याच्या हाताखाली शिकलेल्या तरुणांमध्ये राम मोहन होते. भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून आपण त्यांनाच ओळखतो.

वॉल्टला सिगारेटचं व्यसन जडलं ते तरुणपणीच. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ डिसेंबर १९६६ ला तो गेला. पासष्टावा वाढदिवस होऊन दहाच दिवस झाले होते. स्पर्धेत जिंकलेली २२ ऑस्कर त्याच्या नावावर आहेत. हा आकडा अजून कुणी गाठलेला नाही.

आणि ओस्वाल्ड? तो ७८ वर्षांनी घरी आला. २००६ मध्ये डिस्ने कंपनीने आपल्याकडचा एक नामवंत क्रीडा समालोचक एनबीसीला सोडला आणि बदल्यात ससा परत घेतला. १ जानेवारी २०२४ पासून ‘स्टीमबोट विली’वरचा अमेरिकेतला कॉपीराइटही संपलाय. ‘फनी लिटल बनीज’वर मात्र तो अजून आहे, त्यामुळे ते उचलून आपल्या चॅनेलवर टाकू नका.

सुट्टीत करून बघा

त्यापेक्षा स्वतःचं बनवा. घरातल्या लहान भावंडांना सोबत घ्या, मोठ्यांच्या मदतीने दहाएक पांढरी अंडी उकडा. हळदीच्या पाण्यात पिवळा रंग येतो, बीटच्या पाण्यात गुलाबी, आणि जांभळ्या कोबीच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अंडी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर निळा. झाले तुमचे तीन रंग.

फोन पुस्तकांच्या मधे उभा पक्का बसवा. फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर व्हिडिओ लुकलुकतो. अंडं थोडं सरकवा, फोटो काढा, पुन्हा सरकवा. सेकंदाला १२ फोटो धरा. पाच सेकंदांसाठी ६० फोटो होतात. कुठल्याही स्टॉप मोशन ॲपमध्ये ते जोडता येतील.

आणि शेवटी नावं टाका. फोटो कुणी काढले, अंडी कुणी सरकवली, रंग कुणी केला आणि गॅसपाशी उभं राहून अंडी कुणी उकडली, सगळ्यांची.